हाताला काही लागू नये असं स्वयंपाकघर

९ एप्रिल. रोडपालीतल्या एका घरी ओट्याखालची ट्रॉली अडकली होती, ती मी फरशीवर पालथी पडून ओढत होते. ट्रॉली अडकण्याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. मागे पडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दुधाच्या धुऊन वाळवलेल्या, भाजीच्या, साडीच्या दुकानातल्या. त्या टाकून द्या म्हटलं की बाई अशी बघते की जणू मी तिची पाटलीच मागितली. तर अर्धा हात आत असताना फोन वाजला. हात धुळीने माखलेले म्हणून स्पीकरवर टाकला.

पलीकडची बाई करंजाड्याहून बोलत होती. नाव सुजाता. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं स्वयंपाकघर मी लावून दिलं होतं, तिच्याकडून नंबर मिळालेला. आवाज दबका होता.

"ताई, तुम्ही सगळं हाताशी आणून देता ना? मला उलटं करून हवंय. हाताला काही लागू नये असं."

रोडपालीच्या घरमालकीण हसल्या. म्हणाल्या, तिला सांगा माझ्याकडे राहायला ये, इथे कशालाच हात पोचत नाही. मीही हसले. हे गेल्या वर्षीचं आहे. तेव्हा मला वाटलं, घरात रांगणारं मूल असेल.

माझं काम बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून सांगते. मी स्वयंपाकघरं लावून देते. नवीन बनवून देत नाही. नवीन विकण्याचं कामही मी केलं आहे, पनवेलच्या एका शोरूममध्ये. तिथे एक गोष्ट लक्षात आली. स्वयंपाकघर विकलं जातं ते सगळी दारं बंद असताना, आणि बाई त्यात जगते ती सगळी दारं उघडी टाकून. म्हणून सोडलं. आता मी आहे त्याच ओट्यावर, आहेत त्याच डब्यांत, घरातल्या चार फळ्या इकडच्या तिकडे करून काम सोपं करून देते. लोकांकडे पैसे कमी असतात, ते माझ्या पथ्यावर पडतं. पैसे असले की माणूस भिंत पाडतो, नसले की विचार करतो.

पहिल्या दिवशी मी कशालाही हात लावत नाही. एका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसते आणि बाईला तिचा रोजचा स्वयंपाक करायला सांगते. पहिली पाच मिनिटं ती माझ्यासाठी स्वयंपाक करते, ठेवणीतलं पातेलं काढते, गॅस पुसते. मग विसरते आणि तिचा हात खरं बोलायला लागतो. मिठाच्या डब्यासाठी ती कितीदा वळते, तेलाची किटली कुठे टेकवते, झाकण ठेवायला जागा नाही म्हणून काखेत धरते का, हे मी खडूने फरशीवर आणि भिंतीवर खुणा करत बघते. रोज लागणारं सगळं गुडघा आणि डोळे यांच्या मधे आलं पाहिजे. जड ते खाली. दिवाळीला लागणारं वर. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळी वाद घालायची चिकाटी.

बिल्डर ओटा बांधतो तो एकाच उंचीचा. पोळी लाटणारीला तो चालून जातो. भाकरी थापणारीला उंच पडतो, कारण थापताना खांद्याचा भार तळहातात उतरावा लागतो. आपल्या इकडच्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी रोजची, त्यामुळे खांदेदुखीही रोजची. ओटा फोडायचा खर्च कुणाला झेपत नाही. मी भंगारवाल्याकडून जुनं लाकडी दार घेते आणि आमचे जुबेरभाई सुतार त्याचा पायाखाली ठेवायला बुटका पाट करून देतात. ओटा खाली जात नाही तर बाई वर जाते. वर्षानुवर्षं दुखणारा खांदा एका भंगारातल्या दाराने थांबलेला मी पाहिला आहे, आणि त्या बाईने तरीही पाटाच्या रंगावरून कुरकुर केलेलीही.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. नवीन पनवेलमधल्या एका निवृत्त साहेबांनी प्रत्येक डब्यावर छापील नाव चिकटवून घेतलं होतं, अक्षरांच्या क्रमाने. बायकोला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि चष्मा वाफेने धुरकट व्हायचा. त्या डबे ओळखायच्या पोच्यांवरून. ज्याला दोन पोचे ती तूरडाळ. साहेबांनी पोचे आलेले डबे बदलून नवे आणले तेव्हा बाईंनी मला बोलावलं होतं, आणि मी जाऊन एवढंच केलं की जुने डबे माळ्यावरून खाली काढले.

खांदा कॉलनीतल्या एका बाईंनी तर सांगितलं, बाकी काही नको, मला बसायला जागा करा. घरात माणसं सात आणि बसायच्या जागा सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या. खिडकीखाली भिंतीला मिटवता येईल अशी फळी बसवून दिली. पुढे कपाटाची बिजागरी बदलायला गेले तेव्हा त्या फळीवर पाण्याचा फिल्टर बसला होता. "ह्यांना तिथेच बरा वाटला," म्हणाल्या. मी बिजागरी बदलली आणि आले. प्रत्येक घरात भांडत बसले तर माझं दुकान चालायचं नाही.

सुजाताच्या घरी रांगणारं मूल नव्हतं. सासू होती, हिराबाई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, दात शाबूत. ह्या लोकांचं गाव विमानतळात गेलं आणि करंजाड्यात त्यांना प्लॉट मिळाला. त्यावर बिल्डरबरोबर इमारत उभी राहिली, दोन फ्लॅट ह्यांचे, बाकीच्यांत भाडेकरू. मुलगा महेश बंदरात कामाला, पाळीपाळीने. सुजाता कळंबोलीत एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला जाते. सकाळी निघाली की संध्याकाळी येते. मधल्या वेळात हिराबाई घरात एकट्या.

त्यांना दोनेक वर्षांपासून विस्मरण होत होतं. आधी नावं, मग वार, मग माणसं. नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तो मिठागरात कामाला होता. हिराबाई अंधारात उठायच्या, त्याच्यासाठी भाकरीच्या उकडीचं पाणी ठेवायच्या आणि गॅस पेटवायला विसरायच्या. बटण मात्र फिरवलेलं असायचं. एकदा सुजाता वासाने जागी झाली. दुसऱ्यांदा ती ऑफिसातून आली तेव्हा जिना चढतानाच वास आला. त्यानंतर तिची नणंद कुंदा म्हणाली होती, आयेला नेऱ्याला ठेवू. नेऱ्याच्या बाजूला वृद्धांना सांभाळणारी एक जागा आहे, तिथे. महेश हो म्हणत नव्हता आणि नाही म्हणण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. सुजाताने महिनाभर मुदत मागून घेतली होती. तेवढ्यात स्वयंपाकघर असं करायचं की सासूला घरात ठेवता येईल. खर्च, तिने स्पष्ट सांगितलं, एका बऱ्या मिक्सरच्या किमतीच्या वर जाता कामा नये.

पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे मी स्टुलावर बसले. सुजाता काम करत होती आणि हिराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कोनाची गो?"

मी म्हटलं, "पनवेलची, मावशी. स्वयंपाकघर बघायला आले."

"बग. त्यात काय बगायचा हाय," म्हणाल्या आणि थेट कामाला लागल्या.

मी खडू उचलला. त्यांचा हात ओट्यावर कुठेच जात नव्हता. तो जात होता खाली, डावीकडे, जमिनीपासून वीतभर वर, जिथे सुजाताच्या घरात नुसती भिंत होती. मग उजवीकडे मागे, जिथे काहीच नव्हतं. थोडा वेळ बघितल्यावर कळलं. डावीकडे पिठाचा डबा, उजवीकडे भिंतीला टेकवलेली परात, समोर चूल. हिराबाई गावच्या पाडलेल्या घरात स्वयंपाक करत होत्या. मी त्या घराचा नकाशा करंजाड्याच्या फरशीवर काढून घेतला. सुजाता बघत राहिली. ती पनवेल शहरातली, लग्न होऊन आली तेव्हा गाव उठायच्या बेतात होतं, त्या घरात तिने फारसा स्वयंपाक केलाच नव्हता.

काम दोन भागांत केलं. पहिला भाग उलटा. शेगडीची बटणं ओढली की निघून येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती काढून सुजाताने रात्री उशाशी ठेवायची आणि दिवसा पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायची. सिलिंडरच्या कपाटाला कुलूप. काड्यापेटी, लायटर, सुऱ्या आणि मासे कापायची मोरली वरच्या फळीवर, दाराआड. जुबेरभाई दाराला चोरकडी बसवताना म्हणाले, "ताई, आजवर तुम्ही मला दारं काढायला सांगितली. लावायला पहिल्यांदाच."

दुसरा भाग माझ्या डोक्यातला. स्वयंपाकघराला लागून कोरडी बाल्कनी होती. तिथे जमिनीपासून वीतभर उंच, कडाप्प्याचा एक बुटका ओटा करून घेतला. डावीकडे पिठाचा डबा, उजवीकडे भिंतीला परात, सगळं खडूच्या मापाने. आग नाही. सुजाताने सकाळी निघताना तांदळाच्या पिठाची उकड काढून झाकून ठेवायची, हिराबाईंनी मळायची, थापायची, कापडावर पसरायची. संध्याकाळी सुजाता येऊन भाजणार. कच्च्या भाकऱ्या दिवसभर राहिल्या की कडा सुकतात, चवीला बऱ्या लागत नाहीत, पण चव हा मुद्दा नव्हता.

पहिल्या दिवशी हिराबाई त्या ओट्यापाशी येऊन उकिडव्या बसल्या, न बघता डावीकडे हात घातला आणि डबा हाताला लागला. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ह्या धंद्यात शाबासकी अशीच मिळते. कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे जमलं.

चार आठवडे बरे गेले. अंधारात उठणं थांबलं नाही, पण घरात फिरणं, कपाटं उचकटणं, दाराला धक्के देणं थांबलं. सुजाताने मला फोन करून सांगितलं की आई दुपारी झोपतात. आधी ती बाहेरून कडी लावून जायची. आता कडी काढली, कारण खालच्या मजल्यावरची भाडेकरीण रोज येऊन डोकावून जायची, चहा द्यायची. कुंदानेही मुदत वाढवून दिली. मी ह्या कामाबद्दल दोन-तीन घरी फुशारकीही मारली.

मे महिन्यात एका दुपारी सुजाताचा फोन आला. आई घरात नाहीत.

भाडेकरीण जिन्यातच भेटली होती त्यांना. डोक्यावर कापडाने बांधलेलं ताट. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, भाकर देऊन येते. ती बाई सोलापूरकडची, नवीन. तिला वाटलं, इमारतीतच कुणाच्या घरी देत असतील. आगरी लोकांत देणंघेणं फार, असं तिने ऐकलं होतं. तिने उलट पायाखाली बघून उतरा म्हणून सांगितलं.

महेश कामावरून तसाच मोटरसायकलवर निघाला. आम्ही करंजाड्याच्या गल्ल्या, स्टेशनची बाजू, देवळं शोधत राहिलो. तो कुठेही न शोधता सरळ खाडीच्या दिशेने गेला. जिथून पूर्वी त्यांच्या गावाची वाट मिठागरावर उतरायची तिथे आता पत्र्याचं उंच कुंपण आहे. हिराबाई त्या पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. सावली हातभर. पायात चप्पल नव्हती, तळवे भाजले होते. ताट मांडीवर, गाठ न सोडलेली. महेशला बघून त्यांनी विचारलं की फाटक कुनी बंद केलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी सगळे बसलो होतो. मलाही बोलावलं होतं, का ते कुणी सांगितलं नाही. हिराबाई आत पाय पाण्यात घालून बसल्या होत्या. मी महेशला विचारलं, तुम्हाला कसं कळलं त्या तिथे असतील?

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे.

"दुसरी कुठं जानार? बाबा भरती बघून पहाटेच जायचे. आये भाकऱ्या थापायची आन् ऊन तापायच्या आत आगरावर पोचवायची. सगळ्याच बायका जायच्या. मी पन जायचो तिच्या पाठी." मग म्हणाला, "किचनचं काम चाललेलं, म्हनून मला कोनी इचारलाच नाय."

खरं होतं. मी हाताच्या खुणा घेतल्या होत्या, पायाच्या नाही. मिठागरवाल्यांच्या घरात भाकरी तव्यावर संपत नाही, ती पोचली की संपते. रिकाम्या हातांनी हिराबाई कधीच उंबरा ओलांडणार नव्हत्या. न्यायला काही नव्हतं तोवर त्या घरातच फिरत होत्या. भाकऱ्या तयार झाल्यावर पुढचं काम उरलं होतं, आणि ते करायला त्या गेल्या.

पण मग चार आठवडे का नाही गेल्या, असं मी विचारलं. सुजाता म्हणाली, उन्हाळ्याच्या शेवटी त्या नेहमीच जास्त घाईत असायच्या. महेशने मान हलवली. पाऊस पडायच्या आत मीठ उचलायचं असतं. तेव्हा आगरावर दिवसभर काम, भाकर गेलीच पाहिजे.

कुंदाही आली होती. ती भावजयीला म्हणाली, "वयनी, किचन मस्त केलास तू. आये मावत नाय त्यात, एवढाच." सुजाता उठून आत आईंच्या पायांचं पाणी बदलायला गेली. मला वाटलं, मी तरी बोलावं. दाराला कडी लावा, दुपारी बाई ठेवा, असं काहीतरी. दुपारची बाई ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि कडी लावलेल्या घरात भाकरी घेऊन बसलेली हिराबाई मला डोळ्यांसमोर दिसत होती. मी चहाचा कप उचलून मोरीत ठेवला. महेश उठून बाहेर गेला, परत आला तेव्हा नेऱ्याला हो म्हणाला.

पाय बरे झाल्यावर त्यांना नेऱ्याला नेलं. त्याच दिवशी सुजाताने मला आणि जुबेरभाईंना बोलावलं. ते सगळे मोटारीने गेले होते, ती एकटी घरी थांबली होती. का नाही गेलीस असं मी विचारलं नाही.

"लावून टाका आता सगळं," म्हणाली. "हाताशी."

पर्समधून तिने शेगडीची बटणं काढून ओट्यावर ठेवली. ती जागच्या जागी बसवली. कुलूप काढलं, सुऱ्या खाली आणल्या, काड्यापेटी शेगडीशेजारी. मीठ, तेल, हळद, सगळं तिच्या हाताच्या मापाने. जुबेरभाईंनी बाल्कनीतला बुटका ओटा उखडायला घेतला. एवढा पक्का बसवला होता की कडाप्पा दोन ठिकाणी तडकला. ते पुटपुटले की तोडायचं आधी माहीत असतं तर मसाला हलका घातला असता. मग सुजाताकडे बघून तुकडे गोळा करायला लागले. दुपारपर्यंत ते स्वयंपाकघर असं झालं की फोटो काढून दाखवावा. जागेवर उभं राहून सगळा स्वयंपाक होईल, एक पाऊल हलावं लागणार नाही. मी फोटो काढला नाही.

निघताना सुजाता म्हणाली, गडबडीत आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. मला दुसऱ्या दिवशी नेऱ्यातच एका फार्महाऊसवर ओटा मोजायला जायचं होतं. नेऊन देते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंजाड्याला गेले तर तिने गोळ्यांबरोबर एक डबा दिला. तांदळाची भाकरी. तिने स्वतः थापलेली, आयुष्यात पहिल्यांदाच असावी. मी डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला.

नेऱ्याची जागा स्वच्छ आहे. अंगणात चिकूची झाडं, ओळीने खुर्च्या. हिराबाई एका खुर्चीत बसल्या होत्या, कुणीतरी केस चांगले विंचरले होते. हात मांडीवर, पालथे. मी डबा उघडून पुढे केला. त्यांनी भाकरी उचलली नाही, नुसती दोन बोटांत कड धरून बघितली.

"जाड झालीय," म्हणाल्या. मग डब्याचं झाकण नीट लावून तो माझ्या हातात परत दिला. "ने गो. मना हितून भायेर सोरत नाय. त्याला भूक लागली असंल."

मी म्हटलं, "नेते, मावशी."

"उन्हाच्या आत जा."

गोळ्या ऑफिसात देऊन, सही करून बाहेर आले तोच सुजाताचा फोन. मी तिला भाकरी जाड झाल्याचं सांगितलं, आणि थापताना हाताला पाणी लावून कडेपर्यंत पातळ करत जा, हेही. बाकीचं नाही सांगितलं. ती बरं म्हणाली.

डबा घेऊन मी फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहिले. टाकवेना, आणि द्यायलाही कुणी नव्हतं. स्कूटरला टेकून उभ्याने खाल्ली. जाड होती आणि मधे कच्ची. डबा पाण्याने विसळला, पिशवीतून टेप काढली आणि फार्महाऊसवर जाऊन ओटा मोजला.